बक्षीस लावलेली संख्या

२१४७४८३६४७. दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. ही संख्या मी आजही एका दमात म्हणते आणि म्हणताना माझा जबडा आवळला जातो. संख्येवर कसला राग धरायचा, असं मला पुष्कळांनी विचारलं. संख्येवर राग नाहीच. ती बिचारी आहे तशी आहे, जगात कुणी नसतानाही तशीच होती. राग आहे तो तिला आमिष म्हणून गळाला लावणाऱ्या माणसावर, आणि थोडा आमच्या घरावरही. कारण आमच्या घरात खोटं पकडायची हौस एवढी दांडगी होती, की आपण स्वतः काय बोलतो याकडे ऐन वेळी लक्ष राहिलं नाही.

आम्ही घणसोली गावात हिराबायच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहत होतो. खोली एकच, पण तिचे दोन भाग होते. स्टोव्ह, पाण्याचा पिंप आणि भाकरीची परात हा आईचा भाग. उरलेला सगळा पत्रकांचा. बाबा औद्योगिक पट्ट्यातल्या एका रंगाच्या कारखान्यात होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे. सायक्लोस्टाईलचं मशीन भिंतीला लागून असायचं. हँडल फिरवलं की आधी खर्र आणि मग खट असा आवाज यायचा, आणि दर खट्‌बरोबर एक ओलसर कागद बाहेर पडायचा. शाईचा वास उशीला, शाळेच्या गणवेशाला, कधीकधी पिठल्यालाही लागायचा. मी अक्षरं पुस्तकातून शिकले नाही. 'कामगार बंधूंनो' हे मी पहिल्यांदा वाचलेले दोन शब्द, आणि त्यानंतर कितीतरी दिवस मला वाटायचं की लिहिलेलं सगळं कुणाच्या तरी विरुद्धच असतं. खरं सांगायचं तर हे मत मी अजून पुरतं सोडलेलं नाही.

बाबांचा एक नियम होता. पत्रकातला प्रत्येक आकडा दोघांनी तपासायचा. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने मूळ कागदावर बोट ठेवून बघायचं. वाचणाऱ्याने बघायचं नाही आणि बघणाऱ्याने बोलायचं नाही, चुकलं तरच बोट उचलायचं. बाबा म्हणायचे, मालक आपल्या शंभर खऱ्या वाक्यांना हात लावणार नाही, एका खोट्या वाक्याला धरून आपल्याला फरफटत नेईल. मी सातवी-आठवीपासून बघणारी होते. बोट ठेवून बसायचा मला कंटाळा यायचा नाही. उलट बाबांसारख्या माणसाची चूक आपल्या बोटाखाली सापडावी अशी मी वाट बघत असायची.

मी अकरावीत असताना कारखान्याला टाळं लागलं. रोज ठरल्या वेळी वाजणारा भोंगा बंद झाला आणि गाव एकदम बहिरं झाल्यासारखं वाटू लागलं. आईने कोपरखैरण्याच्या नव्या इमारतींमध्ये पोळ्यांची कामं धरली. घरात चहा बिनदुधाचा झाला. दुपारी भाकरीबरोबर हिराबायने वर पाठवलेली जवळ्याची चटणी असली तर मेजवानी. मला इंजिनिअर व्हायचं होतं. का, हे तेव्हा नीट सांगता आलं नसतं. कारखान्यात बाबांच्या डोक्यावर जी माणसं होती ती इंजिनिअर होती आणि त्यांच्या जागी मला बसायचं होतं, एवढंच. पण बारावीला क्लास लावल्याशिवाय तो दरवाजा उघडत नाही, असं कॉलेजात सगळे म्हणत. शिकवणारे प्राध्यापकसुद्धा वर्गात अर्धं शिकवून उरलेलं क्लासमध्ये विचारा म्हणत. आज रस्त्याच्या दोन्ही बाजूंना क्लासांचे फलक बघते, पोरांच्या फोटोंच्या रांगाच्या रांगा, तेव्हा मला ते प्राध्यापक आठवतात. सरकारी पगार खाऊन अर्धं शिकवण्याला चोरी म्हणतात, दुसरा शब्द नाही.

त्याच सुमारास वाशीच्या दळवी सरांच्या क्लासचं पिवळं पत्रक आमच्या जिन्यात येऊन पडलं. गुळगुळीत कागद, दोन रंगांची छपाई. मध्यभागी ठळक अक्षरांत ही संख्या आणि खाली मजकूर असा की, ही संख्या ज्या दोन लहान संख्यांच्या गुणाकाराने बनते त्या शोधून आणा, पहिल्या विजेत्यास बारावीचे संपूर्ण वर्ष मोफत. नव्या शहरासाठी शेत गेलेली हिराबाय जिन्यात मासळी साफ करत बसली होती. तिने तो कागद दोन बोटांत धरून माझ्याकडे दिला.

"पिवला कागूद हाय म्हनून वाचतंस का गो? आमच्या शेताचाबी असाच आलता. गुलासारका गोर लिवलेला. वाचनारा कोन नव्हता, आमी अंगठं दिलं."

मी तिला म्हटलं, हा गणिताचा आहे. ती म्हणाली, तोबी गनिताचाच होता.

मी ऐकलं नाही. मला तिथे एक वर्ष दिसत होतं, सबंध वर्ष, एका दहा आकडी संख्येच्या पलीकडे ठेवलेलं. त्या दिवसापासून मी भागायला बसले. वाया गेलेल्या पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजू आमच्याकडे ढिगाने होत्या. एका बाजूला टाळेबंदीचा निषेध आणि दुसऱ्या बाजूला माझे भागाकार. तीनने, सातने, अकराने, तेराने. हिशेबाचं यंत्र हिराबायच्या मुलाच्या दुकानात होतं, पण त्यावर आठच आकडे मावायचे. दहा आकडी संख्या टाकली की ते गप्प व्हायचं. दळवी सरांनी संख्या निवडताना ही गोष्ट लक्षात घेतली होती हे मला फार नंतर उमगलं. मुलांनी घाम गाळावा, पण पोहोचू नये, अशी ती लांबी होती.

थोडे दिवस झाल्यावर मी क्लासमध्ये चौकशीला गेले. तिथे माझ्यासारखी बरीच मुलं कागद घेऊन उभी होती. काउंटरवरची बाई प्रत्येकाचं नाव, पत्ता, वडिलांचा व्यवसाय लिहून घेत होती आणि सांगत होती की प्रयत्न छान आहे, चालू ठेव, आणि ज्यांनी प्रयत्न केला त्यांना फीमध्ये सवलत आहे, आई-बाबांना घेऊन ये. मुलं खूश होऊन परतत होती. मी 'वडिलांचा व्यवसाय' या जागी 'टाळेबंदी' असं लिहायला सांगितलं. तिने 'नोकरी' लिहिलं.

पुढची गोष्ट घडली ती कंटाळ्यातून. एका दुपारी मी सहज त्या संख्येत एक मिळवला आणि दोनने भागलं. भाग गेला. पुन्हा भागलं, पुन्हा गेला. भागत गेले आणि शेवटी एकावर येऊन थांबले. दोनला दोनने गुणत जायचं, एकतीस वेळा दोन आले की थांबायचं आणि एक काढून घ्यायचा, अशी ती बनलेली होती. कुठलीतरी रस्त्यावरची संख्या नव्हती ती, तिला घराणं होतं. मी तिची भावंडं लिहून काढली. पाच वेळा दोन घेतले तर बत्तीस वजा एक, एकतीस, तिला भाग जात नाही. सात घेतले तर एकशे सत्तावीस, जात नाही. अकरा घेतले तर दोन हजार सत्तेचाळीस, आणि हिला मात्र जातो. तेवीस गुणिले एकोणनव्वद. ते सापडल्यावर मी उठून उभी राहिले. एक भावंड फुटतं, मग हीसुद्धा फुटेल.

वाशीच्या वाचनालयात एक जाड इंग्रजी बीजगणित होतं, पाठ निखळलेलं. त्यात या घराण्याबद्दल दोन पानं होती. ती समजायला मला आठवडा लागला, आणि पुस्तक घरी न्यायला मिळत नसल्यामुळे उभ्याने नकलून घ्यावी लागली. त्यात म्हटलं होतं की जितके दोन गुणले तो आकडा मूळ संख्या असेल, जसे अकरा किंवा एकतीस, तर प्रत्येक मूळ अवयवाला तिनेच भागल्यावर बाकी एक उरते. तेवीस आणि एकोणनव्वद, दोघांनाही अकराने भागून बघितलं. एक, एक. आमच्या संख्येसाठी एकतीसने भागून एक उरला पाहिजे. शिवाय आठने भागल्यावर एक किंवा सात. आणि अवयव असलाच तर त्यांतला लहान सेहेचाळीस हजार तीनशे चाळीसच्या आतच सापडणार, कारण दोन्ही त्याहून मोठे असते तर गुणाकारच संख्येच्या पुढे गेला असता. हजारो भाजक तपासायचे होते ते या चाळणीतून गाळल्यावर शंभराहून कमी उरले. पहिला तीनशे अकरा. बाकी पस्तीस. दुसरा तेराशे तीन. बाकी दोनशे सव्वीस. या दोन बाक्या अजून माझ्या तोंडात आहेत.

घरात रिकामी माणसं होतीच. टाळेबंदीमुळे बाबांचे सोबती दिवसभर आमच्याकडे येऊन बसत. बॉयलरवरचे माने काका त्यांत पुढे, मोठ्या आवाजाचे, चटकन उत्साहात येणारे. बाबांनी भाजक सगळ्यांत वाटून दिले. पद्धत पत्रकाचीच. एकाने भागायचं, दुसऱ्याने उलटा गुणाकार करून बघायचं. माने काका म्हणाले, पगाराशिवाय काम करायची आता सवयच झालीय. खोलीभर पेन्सिलींची खरखर, मधूनच शिवी, मधूनच कोरा चहा. एवढ्या माणसांना चहा करताना आई स्टोव्हला जो पंप मारायची, तो तिचं मत काय आहे ते सांगायचा.

एका दुपारी माने काकांनी पेन्सिल खाली टाकली आणि म्हणाले, गेला. बाकी शून्य. पाच आकडी भाजक होता. मी कुणाची तरी साडी नेसून त्या क्लासच्या पहिल्या बाकावर बसले आहे, असं काहीतरी वेडगळ चित्र डोळ्यापुढे आलं. आई स्टोव्ह सोडून जवळ आली. बाबांनी कागद घेतला, आणि गुणाकार सुरूही केला नाही. नुसते शेवटचे आकडे बघितले. भाजक तीनवर संपत होता, काकांचा भागाकार सातवर. तीन साते एकवीस. म्हणजे गुणाकार एकवर संपणार, आणि आमची संख्या सातवर संपते. बाबांनी बोट उचललं. माने काकांनी पेन्सिल उचलली. "पोरीला द्यायचं होतं गं काहीतरी," ते आईला म्हणाले. आई स्टोव्हकडे परत गेली.

सगळे भाजक संपले. प्रत्येकाला बाकी उरली. म्हणजे या संख्येला एक आणि ती स्वतः, याशिवाय कुणीही भागत नाही. ती मूळ आहे. पत्रकात ज्या दोन लहान संख्या आणायला सांगितल्या होत्या, त्या नव्हत्याच. बक्षीसही नव्हतं. पहिल्यांदा मला रडू आलं, आणि रडता रडताच ते रागात बदललं. वर्ष हातचं गेलं म्हणून रडले. पण ते वर्ष कधी ठेवलेलंच नव्हतं, ते नुसतं छापलेलं होतं.

मी सगळे कागद घेऊन दळवी सरांना भेटले. माणूस दिसायला सभ्य, पांढरा शर्ट, बोलणं मऊ. त्यांनी माझे कागद खरंच वाचले, हे सांगायला हवं. मधेच एकदा भुवया उंचावून माझ्याकडे बघितलं.

"हे तू केलंस?"

"आम्ही सगळ्यांनी. सर, तुम्हाला माहीत होतं ही मूळ संख्या आहे?"

"अर्थात. म्हणून तर निवडली."

"मग बक्षीस कुणाला मिळणार होतं?"

ते हसले. म्हणाले, बाळ, मुलं चार दिवस गणित घेऊन बसली, यात वाईट काय झालं? मग त्यांनी दार लोटून घेतलं आणि मला सांगितलं की माझ्यासारख्या मुलीला ते असंच सोडणार नाहीत. जागा देतो, पूर्ण वर्ष, पहिला बाक. पुढच्या पत्रकावर माझा फोटो आणि खाली 'आव्हानाची विजेती'. मी विचारलं, लोकांनी उत्तर विचारलं तर? ते म्हणाले, उत्तर गुप्त ठेवायचं. स्पर्धेचा नियमच तसा लिहू.

घरी येऊन मी हे जसंच्या तसं सांगितलं. बाबांचा चेहरा उजळला. जागा मिळत होती म्हणून नाही, असा पुरावा हातात आला म्हणून. त्यांनी तिथल्या तिथे मशीनवर चढवायचा मेणकागद, स्टेन्सिल, काढली. आईने हातातली परात दणकन ठेवली. ती म्हणाली, "तुम्हाला लढायला कुणीतरी लागतं. कंपनीने टाळं लावलं, आता तिचा क्लासही घालवा." बाबा म्हणाले, त्या माणसाने शेकडो पोरांना फसवलंय. आई म्हणाली, ती शेकडो माझ्या पोटची नाहीत. दोघंही माझ्याकडे बघत नव्हते. एकाला माझ्यात पत्रक दिसत होतं आणि दुसरीला माझ्यात नोकरी. मला दोघांचाही संताप आला. आज इतक्या वर्षांनी मला आईचं म्हणणं जास्त कळतं, पण पटत नाही ते नाहीच. माझा फोटो लावून पुढच्या वर्षीच्याही मुलांना त्याच गळाला लावायचं, हे मला जमलं नसतं. मी बाबांना म्हटलं, पत्रक काढू, पण मी लिहीन.

मी लिहिलं. थोडक्यात, कोरडं, सिद्धतेच्या पायऱ्यांसह. बाबांनी वाचलं आणि मान डोलावली. पण स्टेन्सिल कापताना त्यांना ते फार मिळमिळीत वाटलं असावं. वर मथळ्याखाली त्यांनी आपल्या हाताने एक वाक्य घातलं, 'जगातील कोणत्याही संख्येने या संख्येस भाग जात नाही!' गर्दीत उभं राहून बोलणाऱ्या माणसाचं वाक्य. त्या दिवशी मी कॉलेजात होते. जन्मात पहिल्यांदा आमच्या घरातून बघणाऱ्याच्या बोटाशिवाय पत्रक बाहेर पडलं. संध्याकाळी मी कॉलेजातून थेट क्लासच्या फाटकाशी गेले आणि बॅचच्या वेळी आम्ही ते वाटलं. पालक मुलांना सोडायला आले होते. कागद हातोहात गेले, कुजबूज सुरू झाली. एक गृहस्थ, मालवणकडचे असावेत, ते मुलाच्या खांद्यावर हात ठेवून मोठ्याने म्हणाले, म्हणजे माझो झील पंधरा दिवस करी होतो ता काय?

तेवढ्यात दळवी सर खाली आले. त्यांच्या हातात आमचं पत्रक होतं. त्यांनी चिडचिड केली नाही. मुलांना विचारलं, या संख्येला एकने भाग जातो का रे? मुलं म्हणाली, जातो. आणि तिला स्वतःलाच? जातो. मग त्यांनी आमचं वाक्य वाचून दाखवलं, सावकाश, 'जगातील कोणत्याही' यावर जोर देऊन, आणि पालकांकडे वळून म्हणाले, ज्यांना मूळ संख्येची चौथीतली व्याख्या येत नाही, ते मला गणित शिकवायला आलेत. हशा पिकला. ज्यांनी आत्ताच आमच्या हातून कागद घेतला होता तेही हसले. बाबा गेटला टेकून उभे होते. चेहरा काळवंडलेला. कंपनीच्या गेटवर पोलीस आले तेव्हाही मी त्यांना असं बघितलं नव्हतं. खाली सिद्धतेच्या पायऱ्या तशाच होत्या, अचूक, पण त्या आता कोण वाचणार होतं?

दुसऱ्या दिवशी क्लासचा शिपाई घरी आला. निरोप असा की सर मनात काही ठेवत नाहीत. पत्रकात चूक होती असं लेखी जाहीर करा, मुलीची जागा अजून आहे. आईने त्याला पाणी दिलं, बसायला सांगितलं. बाबा म्हणाले, मरेन पण लिहून देणार नाही. आणि मला वाटतं त्या घरात मी पहिल्यांदा मोठी झाले ती या ठिकाणी. मी म्हटलं, चूक होती. आपलं वाक्य खोटं आहे, ते दुरुस्त केलंच पाहिजे.

"त्याच्यासाठी?" बाबांनी विचारलं.

"त्याच्यासाठी नाही. तुम्हीच सांगता ना, एका खोट्या वाक्याला धरून नेतात म्हणून?"

"जोर यावा म्हणून घातलं होतं, समता."

"संख्येला जोर लागत नाही, बाबा."

बाबा उठले. त्यांनी मशीनवरचं फडकं काढलं.

दुरुस्तीच्या पत्रकाची स्टेन्सिल मी स्वतः कापली. वर लिहिलं, आमच्या मागच्या पत्रकातील एक वाक्य चुकीचे होते. एक आणि ती संख्या स्वतः यांनी तिला भाग जातो, इतर कोणत्याही पूर्ण संख्येने जात नाही. म्हणून क्लासने मागितलेले दोन लहान अवयव अस्तित्वात नाहीत आणि बक्षीस कुणालाही मिळणे शक्य नव्हते. खाली सगळे भाजक आणि प्रत्येकाची बाकी, ज्याला वाटेल त्याने तपासून बघावी म्हणून. या वेळी मी वाचलं आणि बाबांनी बोट ठेवून बघितलं. एकदाही बोट उचललं नाही, तरी त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं.

ते पत्रक आधीच्या पत्रकापेक्षा जास्त फिरलं. चूक कबूल करणारा छापील कागद त्या नव्या शहरात कुणी बघितला नव्हता, म्हणून लोक तो वाचत आणि वाचताना खालच्या ओळींपर्यंत पोहोचत. पण त्याने क्लास बुडाला असं कुणी समजू नये. क्लास जोरात चालला. लोकांना फसवणूक कळते आणि तरीही ते रांगेत उभे राहतात, कारण दुसरी रांगच नसते. हे शहाणपण मला तेव्हा नव्हतं, आणि आज असूनही त्याचा मला काडीचा उपयोग नाही.

एक प्रत मी स्वतः दळवी सरांना द्यायला गेले. आई हट्टाने सोबत आली. तिने कामाची साडी बदलली होती. वर मी एकटीच गेले, ती जिन्याखाली थांबली. सरांनी कागद उभ्याउभ्याच वाचला.

"यात माफी कुठे आहे?"

"चूक आहे तेवढी लिहिलीय, सर."

"आणि हे खालचं सगळं?"

"ते बरोबर आहे."

त्यांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली. त्यातला एखादा भागाकार तपासावा असं त्यांना वाटलं असावं, कारण क्षणभर त्यांचे ओठ हलले. मग ते म्हणाले, तू हुशार आहेस, पण तुला कुणी वर येऊ देणार नाही. हे ते रागाने म्हणाले नाहीत, आणि म्हणूनच मला ते जास्त लागलं. मी म्हटलं, येते सर. आणि खाली आले.

आई जिन्याच्या कठड्याशी उभी होती. तिने माझा चेहरा बघितला. तिच्या हातात एक छोटं पाकीट होतं. क्लासच्या अर्जाला लागतात म्हणून तिने माझे जुने फोटो शोधून, कडा कातरून आणले होते. ते तिने ब्लाउजमध्ये परत ठेवले आणि पदर सारखा केला. बस स्टॉपपर्यंत आम्ही चालत गेलो. उन्हात खाडीकडून वारा येत होता आणि त्याला कारखान्यांचा आंबूस वास होता. स्टॉपवर पोहोचल्यावर ती रस्त्याकडे बघत म्हणाली,

"त्या पहिल्या बाकावरची पोरं काय काय पुस्तकं वापरतात, ते विचारून ये."

मी म्हटलं, आत्ता? परत वर?

"वर कशाला? ती बघ, सुटलीय बॅच. त्यांनाच विचार. मी आहे इथे, बस गेली तर दुसरी येईल."